माउसने बोटं धरलीत? मग हे करून बघा

लग्नसराईत आमच्या दुकानात दिवसाला आठ-दहा पत्रिका सेट होतात, वर फ्लेक्स, वर पावती पुस्तकं, बारशाची कार्डं, आणि हे सगळं गेली २२ वर्षं मी उजव्या हातात माउस धरून करतेय. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचं भांडं उचलायला गेले तर अंगठ्याजवळचं बोट वाकलेलंच, सरळच होईना. डाव्या हाताने ओढलं तेव्हा टक्कन सुटलं आणि जो काही ठणका लागला की विचारू नका. मला वाटलं झोपेत हात अंगाखाली आला असेल. पण आठ दिवस रोज सकाळी तेच, आणि नवव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना डबल क्लिकला बोट खाली गेलं ते वर आलंच नाही.

तेव्हापासून जे जे करून बघितलं, त्यातलं काय लागू पडलं आणि कशात पैसे फुकट गेले ते लिहितेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते.

सगळ्यात आधी, नुसतं 'हात दुखतो' म्हणून चालत नाही. कुठे दुखतं ते बोट लावून सांगता आलं पाहिजे, कारण जागा बदलली की उपायही बदलतो आणि माझी चूक तिथेच झाली होती, मी दोन महिने मनगटाला पट्टा बांधून बसले आणि दुखणं होतं बोटाच्या मुळाशी. बोट वाकून अडकतं, सोडवताना खटका बसतो, तळहातावर बोटाच्या मुळाशी दाबलं की दुखतं, हे ट्रिगर फिंगर. मला डॉक्टरांनी समजावलं ते असं, की पायजम्यात नाडी ओवताना नाडीला गाठ असली तर ती नेफ्याच्या तोंडाशी अडकते ना, तसं बोट वाकवणारी शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजून जाड होते आणि ती ज्या नळीतून सरकते तिच्या तोंडाशी अडकते. जोर लावला की गाठ सुटते, तोच तो टक्.

मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, रात्री दोन-तीनला जाग येऊन हात झटकावासा वाटतो, आणि हे अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि फार तर अनामिकेच्या अर्ध्या भागात होतं, तर ते बहुतेक कार्पल टनेल. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ शिरा आणि एक नस जाते, शिरा सुजल्या की नस चेपते. यात करंगळी सहसा सुटते. उलट करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर ती नसच वेगळी, मग कोपर टेबलाच्या कडेला किंवा खुर्चीच्या कडक हातावर तासन्‌तास टेकलेलं असतं का ते बघा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठा मुठीत घालून मनगट हळूच करंगळीकडे वाकवून बघा, कळ आली तर अंगठ्याच्या शिरा सुजल्यात, आणि त्यात माउसइतकाच दोष रात्री अंथरुणात मोबाईल घेऊन अंगठ्याने वर-वर सरकवत बसण्याचा असतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं अशी तक्रार असेल तर माउसवर तुमचं बोट कसं असतं ते पहा. बऱ्याच जणांचं क्लिकचं बोट बटणाला न टेकता सारखं वर उचललेलं असतं, चुकून क्लिक होऊ नये म्हणून, आणि दिवसभर बोट असं अधांतरी धरलं की त्याची किंमत कोपर मोजतं.

आता मला जे उशिरा कळलं ते. हाताला सगळ्या माउसचा त्रास नसतो, एखाद्या हालचालीचा असतो. कुणाला क्लिकचा, कुणाला बटण दाबून धरून ओढायचा, कुणाला चाक फिरवायचा, कुणाला नुसता माउस चिमटीत धरायचा. ती हालचाल कुठली ते शोधायचं आणि तेवढीच त्या बोटाकडून काढून दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायची, दुसऱ्या बोटाकडे, दुसऱ्या हाताकडे, कीबोर्डकडे, पायाकडेसुद्धा. शोधायची रीत अगदी साधी आहे. शेजारी कागद ठेवा आणि एक तास काम करताना कळ आली की काय करत होता ते दोन शब्दांत लिहा. माझ्या कागदावर तासाभरात अकरा वेळा 'ओढताना' होतं, दोनदा 'डबल क्लिक', बाकी काही नाही.

ओढायचा त्रास असेल तर विंडोजमध्ये क्लिकलॉक म्हणून सोय आहे, वर्षानुवर्षं तिथेच पडून आहे आणि कुणाला माहीत नसते. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात माउस, त्यात अॅडिशनल माउस सेटिंग्ज उघडा, जुनी छोटी खिडकी येते, तिच्या बटन्स टॅबमध्ये खाली क्लिकलॉकची टिक आहे. ती केली की बटण क्षणभर दाबून सोडायचं, वस्तू चिकटून राहते, आरामात न्यायची, परत एक क्लिक केला की सुटते. किती वेळ दाबायचं ते शेजारच्या सेटिंग्जमध्ये कमी-जास्त होतं. पहिले दोन दिवस नको ते चिकटून येतं आणि डोकं फिरतं, पण वेळ थोडी वाढवली की जमतं.

त्याच खिडकीत प्रायमरी आणि सेकंडरी बटणं अदलाबदल करायची टिक आहे. लोकांना वाटतं ती डावखुऱ्यांसाठी. तुमचं पहिलं बोट दुखतंय ना, मग माउस उजव्या हातातच ठेवून ती टिक करा, मुख्य क्लिक मधल्या बोटाकडे जातो आणि दुखऱ्या बोटाला उजवं क्लिक तेवढं राहतं. मला याने आठवड्याभरात फरक पडला, अर्थात महिन्याभराने मधलं बोट कुरकुरायला लागलं, तेव्हा कळलं की हा उपाय आलटून पालटून करायचा आहे.

डबल क्लिकची भानगड वेगळी. आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड गुरुजी येतात, घराण्याची वंशावळ टाइप करतायत, वय पंच्याहत्तरच्या पुढे आणि हाताला कंप. त्यांचं काय व्हायचं, पहिला क्लिक आणि दुसरा क्लिक यात इतका वेळ जायचा की फाइल उघडायच्या ऐवजी तिचं नाव बदलायचा चौकोन यायचा, मग एंटर दाबताना हात पडून नावाच्या जागी भलतंच काही. आणि दोन क्लिकच्या मध्ये हात हलला तर फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. "ताई, चौथी पिढी कुठे गेली बघा हो," म्हणत यायचे. त्यांना तीन गोष्टी करून दिल्या. एक, डबल क्लिक स्पीडची पट्टी पार स्लोकडे. दोन, फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये सिंगल क्लिकने उघडायचं, म्हणजे डबल क्लिकचा प्रश्नच संपला. तीन, फाइल गायब झाली की आधी घाबरायचं नाही, लगेच कंट्रोल झेड, बहुतेक वेळा ती जागेवर परत येते.

चौथं जे केलं ते जरा आतलं आहे, घरातल्या जाणकार पोराकडून करून घ्या. विंडोज माउस चार पिक्सेल हलला की त्याला ओढणं समजतं, आणि कंप असलेला हात चार पिक्सेल काय, वीस पिक्सेल सहज हलतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, करंट युजरच्या खाली कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप, तिथे ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट अशा दोन नोंदी असतात, त्यांची किंमत ४ असते ती २० करायची, साइन आउट करून परत यायचं. बाकी रजिस्ट्रीत कशालाही हात लावू नका. गुरुजींच्या फाइली पळायच्या थांबल्या त्या याने. पॉइंटरचा वेगही कमी केला, कंप असेल तर वेग कमी हवा. पण ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी उलट करायचं, वेग थोडा वाढवायचा म्हणजे हाताला कमी अंतर कापावं लागतं. एकाच पट्टीचे दोन उपयोग, म्हणून दुसऱ्याचं सेटिंग बघून आपलं करू नका.

चाक फिरवून बोट दुखत असेल तर माउसच्या त्याच जुन्या खिडकीत व्हीलच्या टॅबला जा, एका खाचेला तीन ओळी सरकतात तिथे सहा-आठ करा. वाचताना तर चाकाची गरजच नाही, ब्राउझरमध्ये स्पेसबार दाबला की पान खाली, शिफ्ट धरून स्पेस दाबला की वर.

खरी सुटका कीबोर्डने होते, मी कितीही सेटिंग्ज सांगितल्या तरी. टॅलीवर हिशेबाचं काम करणारी माणसं बघा, पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, सेल्सला एफ ८, माउस बाजूला धूळ खात असतो. आम्ही कोरलवाले, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामवर काम करणारे, मात्र सगळं माउसने करतो. माझा जास्तीत जास्त हात कशात जायचा ते सांगते, कॉपी काढण्यात. कोरलमध्ये वस्तू ओढत ओढत न्यायची आणि सोडायच्या आधी उजवं बटण दाबायचं की कॉपी पडते, ही युक्ती आम्हाला शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकवलेली, आणि यात डावं बटण दाबलेलं असतानाच उजवंही दाबायचं म्हणजे दोन बोटांची कसरत, दिवसातून दोनशे वेळा. आता मी वस्तू निवडून नंबर पॅडवरचं अधिकचं बटण दाबते, कॉपी तिथल्या तिथे वरच पडते, मग बाणांनी सरकवायची. काही निवडलेलं नसताना वरच्या पट्टीत नज डिस्टन्स दिसतो, म्हणजे एका बाणाला वस्तू किती सरकते ते, तो मी एक मिलिमीटर ठेवलाय. शिफ्ट धरून बाण मारला की मोठी उडी, कंट्रोल धरून मारला की बारीक. मधोमध घ्यायला पी, दोन वस्तू एकमेकींच्या मध्यावर आणायला सी आणि ई, झूमला एफ २, सगळं बघायला एफ ४. गणपतीचं चित्र पत्रिकेच्या मध्ये आणायला मी वीस वर्षं डोळ्याने अंदाज घेत ओढत होते आणि ते एका पी ने होतं, याचं अजून वाईट वाटतं. गिऱ्हाईक शेजारी बसून "जरा डावीकडे घ्या, अजून थोडं, नाही नाही, परत उजवीकडे" करतं तेव्हा पूर्वी बोटात कळ यायची, आता नुसते बाण मारते.

बाकी सगळ्यांना लागणारी थोडी बटणं म्हणजे ऑल्ट टॅबने खिडकी बदलणं, कंट्रोल डब्ल्यूने टॅब बंद, एफ २ ने नाव बदलणं, आणि उजव्या क्लिकच्या जागी शिफ्ट एफ १०. एकदम वीस पाठ करायला जाऊ नका. आठवड्याला दोन, चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरच्या कडेला.

माउसला अजिबातच हात लावता येत नसेल, प्लास्टरच आहे समजा, तर डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबा, माउस कीज चालू होतात. मग नंबर पॅडनेच पॉइंटर चालतो, ५ म्हणजे क्लिक, अधिक म्हणजे डबल क्लिक, ० ने पकडायचं, टिंबाने सोडायचं. कंट्रोल धरला की पॉइंटर भरभर जातो, शिफ्टने सावकाश. काम कूर्मगतीने होतं पण होतं. क्लिक न करता नुसतं थांबलं की आपोआप क्लिक व्हावं असं हवं असेल तर मॅकमध्ये आणि लिनक्सच्या ग्नोममध्ये ती सोय अॅक्सेसिबिलिटीत आत आहेच, विंडोजला त्यासाठी छोटे फुकट प्रोग्राम मिळतात. मजकूर मोठा असेल तर गुगल डॉक्समध्ये टूल्समधून व्हॉइस टायपिंग, मराठी निवडा आणि बोला. माझं पत्रिकेचं काम त्याने निम्मंच होतं कारण 'आमचे येथे श्री कृपेकरून' बरोबर येतं आणि आडनावं हमखास चुकतात, शिवाय नंतर युनिकोडमधून श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये, कन्व्हर्ट करायचं असतंच.

नवीन माउस घ्यायचं म्हणाल तर इथेच माझे पैसे बुडालेत म्हणून नीट वाचा. उभा माउस, म्हणजे हात मिळवतो तसा धरायचा तो, चांगला असतो असं सगळे सांगतात, म्हणून ऑनलाइन मागवला. आला तो एवढा मोठा की माझ्या हातात भोपळा धरल्यासारखा, बोट ताणल्याशिवाय बटणाला पोचेना. आणि दुसरं, त्याची बटणं बाजूला असतात, क्लिक करताना माउस सरकू नये म्हणून अंगठ्याने पलीकडून रेटावं लागतं, मग तीन आठवड्यांत अंगठा दुखायला लागला. ज्यांचं मनगट पिळवटून दुखतं त्यांना तो बरा, बोटाच्या मुळाच्या दुखण्याला त्याचा उपयोग नाही. घ्यायचाच तर दुकानात जाऊन हातात धरून बघा, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत हात मोजा आणि डब्यावरच्या मापाशी ताडून पहा. ट्रॅकबॉलमध्ये, म्हणजे माउस न हलवता वरचा गोळा फिरवायचा त्यात, अंगठ्याने फिरवायचा आणि बोटांनी फिरवायचा असे दोन प्रकार असतात, अंगठा दुखणाऱ्याने चुकूनही पहिला घेऊ नका. पेन टॅब्लेटला क्लिकचा जोर लागत नाही पण पेन चिमटीत धरावं लागतं, म्हणजे परत अंगठाच.

माझं काम शेवटी साध्या हलक्या माउसने झालं, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारा आणि बटणं मऊ असलेला. दुकानदाराला सायलेंट क्लिकवाला दाखवा म्हणा, त्यांची बटणं बहुतेक हलकी दाबली जातात. वायरलेस असेल तर आतला पेन्सिल सेल साधारण २३ ग्रॅमचा असतो, लिथियमचा तोच १५ च्या आसपास, हाताला फरक कळतो. वायरवाला घेतला तर तोही प्रश्न नाही.

पायाचा स्विचही मिळतो, शिलाई मशिनच्या पायडलसारखा, यूएसबीला लावायचा आणि त्याला डावं क्लिक नेमून द्यायचं. हाताने नुसता नेम धरायचा, क्लिक पायाने. टाच जमिनीला टेकलेली ठेवा, पाय अधांतरी धरला तर पोटरी भरून येते. माझ्या वहिनी दुकानात आल्या की म्हणतात, मशिन सोडून इकडे काय शिवतेस.

आणि डावा हात. लोक ऐकतच नाहीत, 'मला नाही जमणार' म्हणून मोकळे होतात. मला सोळा-सतरा दिवस लागले. पैशाचं किंवा घाईचं काम पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल, आधी नुसतं मेल बघणं, बातम्या वाचणं असलं करा. आता मी सकाळी डावा आणि दुपारनंतर उजवा वापरते, कारण सकाळी उजवी बोटं आखडलेली असतात. डावीकडे माउस ठेवायचा आणखी एक फायदा, उजवीकडे नंबर पॅड असल्याने माउस लांब जातो आणि खांदा बाहेर ओढला जातो, डावीकडे ती भानगडच नाही.

बसण्याबद्दल थोडंच सांगते, ते सगळीकडे लिहिलेलं असतं. टेबलं आपल्याकडे सर्रास ३० इंच उंच असतात, बुटक्या माणसाचा खांदा त्यात वर चढतो, तेव्हा खुर्ची उंच करा आणि पायाखाली पाट किंवा जुनं पुस्तकांचं खोकं घ्या. काचेच्या टेबलाची कड मनगटाला रुतत असेल तर टॉवेलची घडी घाला. माउस मनगट टेकवून मनगटातून हलवायचा नाही, कोपरातून हलवायचा. आणि वाचत असताना, विचार करताना, फोनवर बोलताना माउस सोडून द्या, हात मांडीवर. आपण काही करत नसतानाही तो घट्ट धरून बसतो, मला हे मुलीने मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवलं तेव्हा पटलं.

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न माउसचा विचारलाच नाही. "घरी काय काय करता?" भाकरी थापणं, कणीक मळणं, चादरी पिळणं, सगळं तेच बोट. मग म्हणाले साखर तपासून या. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली आणि मला पत्ताच नव्हता. डायबेटिस असला की ट्रिगर फिंगर आणि कार्पल टनेल दोन्ही जास्त होतात, थायरॉइडचाही कार्पल टनेलशी संबंध असतो, तेव्हा बोटांच्या तक्रारीत ही तपासणी होऊन जाऊ द्या. मला रात्री बोट सरळ ठेवणारी छोटी पट्टी दिली, सहा आठवडे घातली, चादरी मशिनला गेल्या, कणीक मुलगा मळतो. नाहीतर इंजेक्शन होतं, आणि शेवटी छोटं ऑपरेशन, पण माझी वेळ तिथपर्यंत आली नाही. इंजेक्शन स्टेरॉइडचं असतं, त्याने साखर काही दिवस वर जाऊ शकते, डायबेटिसवाल्यांनी आधी सांगावं.

शेकायचं तर सकाळच्या आखडलेपणाला कोमट पाणी बरं वाटतं, पण बधिरपणा असेल तर पाणी दुसऱ्या हाताने तपासून घ्या, चटका कळत नाही. अडकलेलं बोट मालिशवाल्याकडून कडाकड मोडून घेऊ नका. आणि वस्तू हातातून पडायला लागल्या, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खपाटीला गेल्यासारखा दिसला, बधिरपणा दिवसभर राहू लागला, किंवा दोन्ही हातांचे सांधे सुजून सकाळी तास-तासभर हलेनात, तर सेटिंग्जच्या नादी न लागता सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जा.

एक राहिलंच. दुकानात कंप्युटर दोघं-तिघं वापरत असाल तर विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं अकाउंट करा, माउसची ही सगळी सेटिंग्ज अकाउंटपुरतीच राहतात. मी ते केलं नव्हतं. बटणं उलटी, क्लिकलॉक चालू, सिंगल क्लिक चालू, माउस डावीकडे, आणि कामाला येणारा पोरगा सकाळी लवकर आला, अर्धा तास झटापट करून त्याने मला फोन लावला, "ताई, माउस बिघडलाय, मी नवीन आणायला चाललोय, साडेतीनशे घेऊ का गल्ल्यातून?"